दोन चमचे पाणी आणि जुनी गाडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या सावर्ड्यात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की तीन आकडे आधी विचारले जातात. मॉडेल कुठलं, किती फिरली आणि किती सांगतोय. सौदा या तीन आकड्यांभोवती फिरतो, चहा होतो, टोकन दिलं जातं. मे महिन्यात घेतलेली गाडी जुलैत कशी चालेल, याचा अंदाज मात्र या तिन्हींतून येत नाही. तो दुसऱ्याच आकड्यांतून येतो, आणि ते सगळे लहान आहेत: ३० मिलिलिटर, १.६ मिलिमीटर, १६ सेंटीमीटर, १४ दिवस.

आधी पावसाचा हिशेब

जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यात साधारण सव्वातीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे रोजची सरासरी २७ मिलिमीटर. पुणे शहरात वर्षभरात सातशेच्या आसपास पडतो. पुण्यात आठ वर्षं फिरलेल्या गाडीने जितका पाऊस अंगावर घेतला असेल, त्याहून जास्त पाऊस सावर्ड्यातली गाडी दोन पावसाळ्यांत घेते. म्हणून दोन्ही गाड्या ‘२०१७ची’ असल्या तरी त्यांचं वय सारखं धरता येत नाही. पत्रा, तळ, दारांची रबरं आणि वायरिंग यांचं वय पावसाळ्यांत मोजावं लागतं.

गाडीची परीक्षा हवामान घेतं, ही समज बर्फाच्या देशात कायद्यातच उतरली आहे. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिकडे राहणारे आपले नातेवाईक जुनी गाडी घेताना आधी तळ तपासतात, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ तळ खातं. आपला हिवाळा गाडीला काही करत नाही. आपली परीक्षा आषाढ-श्रावणात असते, आणि तिच्यासाठी वेगळे टायर लावा असं सांगणारा कायदा नाही. ती तपासणी गाडी घेणाऱ्यालाच करावी लागते.

३० मिलिलिटर

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आल्यावर वरती जी जागा उरते, तिच्यापेक्षा जास्त पाणी आत शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

ती जागा किती असते? ऑल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरांचं. एका सिलिंडरच्या वाट्याला २६५ सीसी. दाबाचं प्रमाण १० ला १ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ३० मिलिलिटर भरते. स्वयंपाकघरातले दोन मोठे चमचे.

डिझेलमध्ये ती आणखी कमी. जुन्या स्विफ्ट, रिट्झ, डिझायरमध्ये जे १,२४८ सीसीचं चार सिलिंडरांचं डिझेल इंजिन होतं, त्यात एका सिलिंडरला ३१२ सीसी येतात. दाबाचं प्रमाण १७-१८ च्या घरात असल्याने उरतात जेमतेम १८-१९ मिलिलिटर. ‘डिझेल गाडी पाण्यातून निघते’ हा समज जुन्या जीप-ट्रकांवरून आला आहे. पाणी हवेच्या नळीपर्यंत पोचलं तर डिझेल इंजिन आधी अडतं आणि जास्त मोडतं.

पाण्यात गेलेली गाडी घेण्याची भीती इथे कल्पनेतली नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि बाजारपेठेत कित्येक ठिकाणी ते पुरुषभर उंचीच्या वर गेलं. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आले. पुरात सापडलेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. काही धुऊन, सुकवून, नवी सीट कव्हरं घालून पुन्हा रस्त्यावर येतात. त्यामुळे गाडी एमएच-०८ ची आहे, एमएच-०४ ची की एमएच-०९ ची, एवढ्यावरून काही ठरत नाही. या तारखांना गाडी कुठे होती, हे विचारायचं.

विक्रेता सांगेल ते सांगेल, गाडी स्वतः बरंच सांगते. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असेल तर पाणी गाडीत शिरलं होतं. सीटखालच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, हेडलाइटच्या आतलं धुकट, ऑइलच्या काडीवर दुधाळ तेल, ही बाकीची लक्षणं. गालिचा उचलून नाक खाली न्या. कुबट वास अत्तराने झाकता येतो, घालवता येत नाही.

विम्याच्या कागदातही एक आकडा असतो. दावा न करणाऱ्याला मिळणारी सवलत पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के होते. एकाच मालकाची सहा-सात वर्षांची गाडी आहे आणि पॉलिसीवर सवलत शून्य किंवा २० टक्केच आहे, तर मधल्या काळात दावा झाला असावा किंवा विमा तुटला असावा. कुठला दावा, हे विचारा. ही सवलत गाडीची नसून मालकाची असते, म्हणून गाडीने हात बदलले असतील तर हे गणित नव्या मालकापासून पुन्हा सुरू होतं.

१.६ मिलिमीटर

टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. नव्या टायरची खोली साधारण सात-आठ मिलिमीटर असते. खाचांमध्ये उंचवट्यासारखी खूण असते. नक्षी घासून तिच्या पातळीला आली की टायर संपला. पण हा किमान आकडा आहे, आणि कोकणात किमानावर पावसाळा काढता येत नाही. जूनच्या आत तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर बदलायचा आहे असं धरून किंमत बोलावी.

ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, ते पकडीवर ठरतं. कोरड्या डांबरावर पकड ०.७ धरली तर २० मीटर, ओल्यावर ०.४ धरली तर ३५ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर गोटा झालेल्या टायरला ०.२५ धरली तर ५७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर आणखी १७ मीटर मिळवा. म्हणजे ३७, ५२ आणि ७४. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यातला फरक एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा आहे.

हवेचंही असंच आहे. साठलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगू लागतो, त्या वेगाचं एक जुनं सूत्र नासाच्या विमान-टायरांवरच्या प्रयोगांतून आलं. हवेच्या दाबाच्या वर्गमुळाला १६.७ ने गुणायचं. ३३ पीएसआयला ताशी ९६ किलोमीटर येतात, २२ पीएसआयला ७८. मोटारीच्या घासलेल्या टायरला हा वेग याहूनही कमी असू शकतो. महामार्गाच्या नव्या काँक्रीटवर पाण्याचा थर साचलेला असताना ७८ काही फार नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१६ ची, धावलेली ३० हजार किलोमीटर आणि टायर २०२२ चे, असं दिसलं तर एक तर टायर विनाकारण बदलले किंवा किलोमीटर मागे फिरवले. पहिलं कुणी सहसा करत नाही.

ओल्या घाटासाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. एप्रिल २०१९ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत, स्टिअरिंग हातात राहतं. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ते बहुधा नसायचं. कामथे घाटात समोर अचानक गुरं आली तर गाडी वळवता येणं किंवा न येणं यावरच सगळं अवलंबून असतं.

१६ सेंटीमीटर

ऑल्टोचा तळ जमिनीपासून १६० मिलिमीटर उंच, वॅगन आरचा १६५, क्विडचा १८४, ब्रेझाचा १९८, डस्टरचा २०५. लहान गाडी आणि उंच गाडी यांत फरक फक्त साडेचार सेंटीमीटरचा. भरल्या गाडीत तळाची उंची आणखी घटते.

ऑल्टोचं वजन साधारण ७५० किलो. तळाचं क्षेत्रफळ ढोबळ चार चौरस मीटर धरलं तर तळाच्या वर चढणारा पाण्याचा प्रत्येक सेंटीमीटर ४० किलो वजन उचलतो. १९ सेंटीमीटर चढलं की गाडी सगळीच उचलली जाते. १६ आणि १९ मिळून ३५ सेंटीमीटर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. वाहतं पाणी असेल तर त्याच्या बरंच आधी चाकांची पकड सुटते. उंच गाडी घेऊन मिळतात ते चार-पाच सेंटीमीटर. खड्डे आणि उखडलेल्या साइडपट्ट्यांसाठी ते नक्कीच उपयोगी आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात परशुराम घाट दरडींच्या भीतीने काही दिवस बंद ठेवला आणि हलकी वाहनं चिरणी-आंबडस-कळंबस्ते अशी गावांतून वळली, तेव्हा अशा रस्त्यावर उंच तळाचं महत्त्व कळलं. रस्त्यावरून पऱ्ह्याचं पाणी वाहत असेल तर मात्र डस्टरवाल्यानेही ऑल्टोवाल्याच्या मागेच थांबावं.

१४ दिवस

विकत घेतलेल्या गाडीचा विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो, आणि आर.सी. बुकावर नाव चढवण्याचा अर्ज ३० दिवसांत. त्यासाठीचे अर्ज २९ आणि ३० या क्रमांकांचे, आणि कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा. ‘नावावर नंतर करू’ हे वाक्य विकणाऱ्याला जास्त महाग पडू शकतं. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. पुरात गाडी गेली आणि विमा जुन्या मालकाच्याच नावावर असला, तर हातात काही येत नाही.

विमा असला तरी तो सगळं देत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा पुराचे पैसे देत नाही. संपूर्ण विम्यातही रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापला जातो. दहा वर्षांनंतर तोही ५० टक्के होतो. पाणी शिरून इंजिन अडलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. गाडी जितकी जुनी, तितकी ती मिळणं कठीण. थोडक्यात, बारा वर्षांच्या गाडीचा खरा विमा म्हणजे चालवणाऱ्याची सावधगिरी.

नोंदणीची मुदत १५ वर्षं असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. शिवाय पर्यावरण कर आणि तपासणीत निघेल ते काम. तेरा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, तिचं एक कारण हे.

दोन गाड्यांचा हिशेब

किमती गृहीत धरू. पहिली गाडी १२ वर्षांची, ८०० सीसी, १,२०,००० रुपये. पाच वर्षांनी ४०,००० ला गेली तर घट वर्षाला १६,०००. दुसरी सहा वर्षांची, १,२०० सीसी, एबीएस असलेली, २,७५,००० रुपये. पाच वर्षांनी १,३५,००० आले तर घट वर्षाला २८,०००. फरक १२,०००. जास्त गुंतलेल्या १,५५,००० वर सात टक्क्यांनी व्याज १०,८५०. थर्ड पार्टीचा हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ आणि त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, फरक १,३२२. एकूण वर्षाला २४,१७२, महिन्याला साधारण दोन हजार.

हे दोन हजार द्यायचे का, हे गाडी जाणार कुठे यावर ठरतं. सावर्डे बाजार, स्टेशन, डेरवणचं रुग्णालय, आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या, एवढ्यासाठी पहिली गाडी पुरे. उरलेल्या पैशातले वीस-पंचवीस हजार मात्र ती घ्यायच्या दिवशीच बाजूला काढावेत: चार टायर, बॅटरी, ब्रेकचं काम, वायपर, तळाला गंजरोधक थर. एसी चालत नसेल तर तोही. पावसात बंद काचांवर आतून धुकं धरतं, ते एसीनेच लवकर जातं. रोज कामथे आणि परशुराम असे दोन्ही घाट ओलांडून लोट्याला कामाला जाणाऱ्याने, किंवा कुंभार्लीने कऱ्हाडला ये-जा करणाऱ्याने दुसरी घ्यावी. त्याचे दोन हजार एबीएस, एअरबॅग आणि कमी गंजलेल्या तळावर खर्च होतात.

गाडी बघायला जाणं जमलं तर पावसातच करा. डिकीत पाणी येतं का, वायपर रेघा ओढतो का, ब्रेक एका बाजूला खेचतात का, हे उन्हात उभ्या गाडीत दिसत नाही. ओळखीच्या फिटरला बरोबर न्या आणि गाडी उचलून तळ बघा.

आणि एवढं सगळं बघून घेतलेली गाडीही एखाद्या दिवशी पाण्यात बंद पडेल. सिलिंडरमध्ये शिरलेलं दोन चमचे पाणी तोवर अनेकदा शांत बसलेलं असतं. रॉड बऱ्याचदा वाकतो तो घाबरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सेल मारताना. अशा वेळी किल्ली काढून खिशात घालावी, गाडी ढकलत कोरड्यावर आणावी आणि फिटरला फोन करावा. या लेखातल्या सगळ्या उपायांत याच एकाला खर्च शून्य आहे.