आडव्या भिंतीची करामत

दोस्तांनो, साबणाचं एक रिकामं खोकं घ्या. त्याची दोन्ही टोकं उघडा आणि समोरासमोरच्या दोन कडांवर बोटांनी दाबा. खोकं लगेच कलतं आणि चपटं होतं, हो ना? आता त्याच्या तोंडाच्या मापाचा पुठ्ठ्याचा तुकडा कापा आणि बोटभर आत आडवा बसवा. नुसता सरकवून ठेवलात, तर दाबल्यावर तो तिरका होऊन सुटेल. पण त्याच्या चारही बाजूंना कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्यात आणि खळ नीट वाळू दिलीत, तर तेच खोकं सहजासहजी कलणार नाही. एवढ्याशा पुठ्ठ्यानं केवढी ताकद आली!

जहाजाच्या पोटात अशा आडव्या भिंती असतात. त्यांना बल्कहेड म्हणतात. तीच युक्ती कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडायच्या घरांतही वापरतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत गेलात, तर फाटकापाशी रखवालदाराची गुळगुळीत, हलकी केबिन पाहा. अशा केबिनीच्या भिंती बहुधा पॅनेलच्या असतात.

पॅनेल म्हणजे सँडविचच म्हणा ना! पावाच्या जागी फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि मध्ये हलका फोम. फायबरग्लास तरी काय? काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढतात, त्यांचं कापड किंवा चटई करतात आणि ती रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवतात. द्रव घट्ट झाला, की तंतू ताण सोसतात आणि रेझिन त्यांना जागच्या जागी धरून ठेवतं.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही बरं का! वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई या अभ्यासकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं. तिथे माती आणि तंतू, इथे रेझिन आणि काच.

आता पॅनेलमध्ये ही आडवी भिंत बसवतात कशी ते पाहू. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून माप घेतात. जिथे जोड यायचा, तिथली चकाकी पॉलिश पेपरनं घासून घालवतात आणि धूळ पुसून काढतात. गुळगुळीत किंवा तेलकट जागेवर रेझिन नीट धरत नाही. मग भिंतीच्या कडेखाली फोमची पट्टी ठेवतात. नाहीतर ती टणक कड पातळ थरावर एकाच रेषेत दाब देते आणि पुढे तिथेच तडा जाऊ शकतो.

भिंत ओळंब्यात आणि गुण्यात आली, की खरं काम सुरू होतं. दाट केलेलं रेझिन कोपऱ्यात भरतात आणि चमच्याच्या पाठीसारख्या गोल वस्तूनं त्याला गोलाई देतात. गोलाई कशाला? काचेचं कापड काटकोनात नीट वळत नाही. त्याच्याखाली हवेचा फुगा राहतो आणि जोड कच्चा होतो. शिवाय तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो, गोलाईत तो पसरतो. या गोलाईवर रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवतात. प्रत्येक पट्टी अर्धी भिंतीवर, अर्धी पॅनेलवर. वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा रुंद. रूळ फिरवून हवा काढायची आणि हे सगळं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी करायचं! उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रेझिन भराभर घट्ट होतं. म्हणून ते थोडं थोडंच कालवतात आणि काम सकाळी उरकतात. काचेची धूळ अंगाला खाजते, म्हणून मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच. हे काम मोठ्यांचं, तुमच्यासाठी साबणाचं खोकंच बरं!

पण एका जोडासाठी एवढी खटपट का? मराठवाड्यानं याचं उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळवलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक झोपेत असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तिथल्या घरांच्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या. मात्र दगडांचे दोन थर आणि मध्ये माती-दगडांची भर, अशी अनेक भिंतींची रचना होती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंफलेले नव्हते आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. जमीन हलली तशा भिंती फाकल्या आणि माळवद खाली आलं.

त्यानंतर अभियंत्यांनी लोकांना सांगितलेले उपाय कोणते होते ठाऊक आहे? भिंतीत आरपार दगड घाला, कोपरे पक्के बांधा, दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टा फिरवा. म्हणजे पुन्हा जोडच! भिंत दगडाची असो की काचेच्या तंतूंची, ती शेजारच्या भिंतीला घट्ट धरून असेल, तरच घर उभं राहतं.

आज संध्याकाळी आई-बाबांना सोबत घ्या आणि घरातले कोपरे नीट पाहा. दोन भिंती जिथे भेटतात तिथे भेग दिसते का? दिसली, तर तिच्या टोकाशी पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. महिनाभरानं भेग खुणेच्या पुढे गेलेली असेल, तर घर बांधणाऱ्या जाणकाराला लगेच बोलवायला सांगा.