सर्वनामांचा संसार

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. नदीच्या दोन्ही काठांवर जुनी मराठी घरे आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या साऱ्या बदलांत एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मुलांची शाळा हिंदी आणि घर मराठी. उंबरठा ओलांडला की भाषा बदलते, आणि कित्येकदा ती बदलल्याचे बोलणाऱ्याला कळतही नाही.

पोळ्याच्या सुमारास सावरगावी एका नातेवाइकांकडे जाणे झाले. त्यांची नात उच्च शिक्षणासाठी इटलीला निघाली होती. ओसरीवर संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या एकीवर एक रचलेल्या होत्या, आणि त्यांना टेकून ही मुलगी इटालियन व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसलेली असे. नामे पाठ होतात, क्रियापदेही होतात. पण सर्वनामांपाशी गाडे अडते, ही तिची तक्रार. एवढ्याएवढ्याशा शब्दांची ही गर्दी. कोणता शब्द कुठे बसवावा आणि कोणता गाळावा, हे काही केल्या उमगत नाही, असे ती म्हणे.

त्याच दिवसांत घरात एक लहानसा प्रसंग घडला. मुलगी आजीला म्हणाली, “आजी, आम्ही उद्या जामसावळीच्या मारुतीला जाऊ.” आजीने मान हलविली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तयार होऊन अंगणात आले, तर आजी घरातल्याच लुगड्यात भाजी निवडीत बसलेली. “आजी, अजून तयार नाही झालीस?” या प्रश्नावर वर न पाहताच तिने उत्तर दिले, “तुमी जा. मले कोनं बोलावलं?”

मुलगी गोंधळली. काल आपण स्वतःच तर सांगितले होते! मग आजीने शांतपणे खुलासा केला, “तू ‘आमी जाऊ’ म्हनली. ‘आपन जाऊ’ नाही म्हनली.”

दोष मुलीच्या मनात नव्हता. तो तिच्या सर्वनामात होता. पुस्तकी हिंदीतील ‘हम’ आणि इंग्रजीतील ‘वी’ या दोघांनाही ऐकणारा माणूस आत आहे की बाहेर याची फिकीर नसते. ती सवय मराठीत शिरली, आणि एका शब्दाने म्हातारीला घराच्या यात्रेतून वगळले. त्या दिवशी जामसावळीला जाताना आणि येताना गाडीत इटालियन सर्वनामांवरच बोलणे झाले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. परक्या भाषेच्या ज्या गाठी सुटत नाहीत, त्यांतील पुष्कळशा आपल्या घरच्या बोलीने सुटतात. आणि त्या सोडविताना आपल्या घरात काय आहे हेही नव्याने दिसते.

न बोललेला ‘मी’

पहिली गाठ कर्त्याची. इटालियनमध्ये मी म्हणजे ‘ईओ’, तू म्हणजे ‘तू’च. उच्चारही तोच, या दूरच्या बहिणींचे माहेर एक असल्याची ती खूण आहे. तो ‘लुई’, ती ‘लेई’, आम्ही ‘नोई’, तुम्ही ‘वोई’, ते ‘लोरो’. हे पाठ करून मुलगी प्रत्येक वाक्य ‘ईओ’ने सुरू करी. परंतु इटालियन माणूस तसे बोलत नाही. ‘पार्लो’ म्हणजे बोलतो किंवा बोलते, ‘पार्ली’ म्हणजे बोलतोस, ‘पार्लियामो’ म्हणजे आम्ही बोलतो. क्रियापदाच्या शेवटानेच कर्ता कळत असल्याने सर्वनाम गाळले जाते.

आपण तरी वेगळे काय करतो? “कुठे निघालास?” “बाजारात जातो.” यात ‘तू’ नाही की ‘मी’ नाही, तरीही काही अडत नाही. ‘मी’ उच्चारला जातो तो जोर देण्यासाठी. उपाहारगृहात पैसे देताना इटालियन माणूस ‘पागो ईओ’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘पैसे मी देणार, तुम्ही नाही’ असा होतो. नेहमी ‘ईओ, ईओ’ करणारा माणूस त्यांच्या कानाला आपल्याकडच्या सारख्या ‘मी, मी’ करणाऱ्या माणसासारखाच वाटत असला पाहिजे.

मला संत्री आवडतात

दुसरी गाठ कर्माची. इटालियनमध्ये ‘मला’ याला ‘मी’ म्हणतात आणि ‘तुला’ याला ‘ती’! मराठी कानाची फसगत व्हावी अशीच ही रचना आहे. ‘ती वेदो’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’. त्यात कोणतीही ‘ती’ नाही. हे लहान शब्द क्रियापदाच्या आधी येतात. पण क्रियापद मूळ रूपात असेल तर त्याच्या शेपटाला चिकटतात. ‘लो वेदो’ म्हणजे त्याला पाहतो, आणि ‘वेदेर्लो’ म्हणजे त्याला पाहणे.

इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला सर्वांत अवघड वाटणारी रचना मराठी माणसाला मात्र अगदी सोपी जाते. ‘मी प्याच्चोनो ले आरान्चे’ म्हणजे ‘मला संत्री आवडतात’. इंग्रजी माणूस म्हणतो की संत्री आवडून घेणारा मी कर्ता आहे. इटालियन आणि मराठी या दोन्ही भाषा म्हणतात की संत्री मला आवडतात; क्रियापद संत्र्यांच्या मागे जाते आणि माणूस बाजूला उभा राहतो. एकच कॉफी असेल तर ‘मी प्याचे’, पुष्कळ संत्री असतील तर ‘मी प्याच्चोनो’. आपल्याकडेही ‘आवडते’ आणि ‘आवडतात’. पांढुर्णा-सौसरच्या बागांत वाढलेल्या मुलीला हे वाक्य एकदा सांगितले आणि ते कायमचे बसले. ‘आरान्चा’ हा शब्दही मूळचा आपल्या ‘नारंग’पासूनच फारसी-अरबीच्या मार्गाने तिकडे पोहोचला आहे, हे कळल्यावर तर तिला परके काहीच वाटेना.

मराठीची मदत जिथे संपते ती जागाही सांगितली पाहिजे. ‘त्याला पाहिले’ आणि ‘त्याला पुस्तक दिले’ या दोन्ही ठिकाणी आपण ‘त्याला’च म्हणतो. इटालियनमध्ये पाहण्यासाठी ‘लो’ आणि देण्यासाठी ‘ल्यी’ असे दोन निराळे शब्द आहेत. बाईविषयी बोलताना पाहण्यासाठी ‘ला’ आणि देण्यासाठी ‘ले’. ‘ते त्याला देतो’ म्हणताना दोन्ही शब्द जुळून ‘ल्येलो’ होते, आणि ‘ते तिला देतो’ म्हणतानाही ‘ल्येलो’च. इथे पाठांतराला पर्याय नाही.

‘ती’ म्हणून हाक मारावी का?

तिसरी गाठ आदराची. घरातल्या माणसाला, मित्राला, लहान मुलाला ‘तू’. परंतु अपरिचिताला, दुकानदाराला, शिक्षकाला ‘लेई’. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ ‘ती’, त्याच शब्दाने समोरच्या मिशाळ प्राध्यापकालाही संबोधायचे! मुलीला हे हास्यास्पद वाटले. त्याचे कारण इतिहासात आहे. मोठ्या माणसाला ‘आपली सत्ता’, ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या पदव्यांनी संबोधण्याची रीत होती. त्या पदव्यांची नामे स्त्रीलिंगी, म्हणून त्यांच्या बदली येणारे सर्वनामही स्त्रीलिंगी. पदवी विसरली गेली, सर्वनाम राहिले.

आपल्याला हे अपरिचित नाही. “बाईसाहेब जेवल्या का?” असे आपण समोर बसलेल्या बाईसाहेबांनाच विचारतो. “सरकारांची स्वारी कधी आली?” या वाक्यातील क्रियापद स्वारीच्या मागे स्त्रीलिंगी होते, सरकार मात्र पुरुष असतात. माणसाकडे थेट बोट न दाखविता थोडे बाजूने बोलणे, हीच दोन्हीकडील आदराची युक्ती. आणि जुन्या घरांतील ‘अहो’ तर याच्याही पुढचा. तिथे नावही नाही नि सर्वनामही नाही.

अशा शब्दांवर राजसत्तेचाही डोळा असतो. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये ‘लेई’ हा शब्द परकी व गुलामी वृत्तीचा ठरवून त्याऐवजी ‘वोई’ वापरण्याची मोहीम चालविली. ‘लेई’ नावाचे एक महिलांचे नियतकालिक होते. तेथे त्या शब्दाचा अर्थ केवळ ‘ती’ असा होता. तरीही त्याला नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावे लागले. ती राजवट गेली आणि लोक पुन्हा ‘लेई’ म्हणू लागले. दक्षिण इटलीत वडीलधाऱ्यांना ‘वोई’ म्हणण्याची जुनी चाल मात्र अजून आढळते. लोकांच्या तोंडचे सर्वनाम हुकमाने बदलत नाही. ते बदलते ते दुर्लक्षाने, आणि ते अधिक चिंतेचे आहे.

त्याचे की तिचे?

मालकी दाखविणाऱ्या शब्दांत मराठीची श्रीमंती विशेष दिसते. ‘सूओ’ म्हणजे त्याचा किंवा तिचा. हा शब्द वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतो, मालकाच्या नाही. पुस्तक पुल्लिंगी म्हणून ‘सूओ लिब्रो’. पण ते पुस्तक त्याचे की तिचे हे त्यावरून कळत नाही. मराठीत ‘तिचा भाऊ’ म्हटले की ‘ति’वरून बहीण कळते आणि ‘चा’वरून भाऊ कळतो. एकाच लहान शब्दात दोन माणसे बसलेली असतात. शिवाय ‘रामाने आपले पुस्तक आणले’ आणि ‘रामाने त्याचे पुस्तक आणले’ यांतील फरक आपल्या घरातील सहा वर्षांच्या मुलालाही न शिकविता कळतो.

‘आपण’ नावाचे धन

आता ज्या शब्दावरून आजी रुसली होती, त्याकडे वळू. इटालियनमध्ये ‘नोई’ एकच. आम्ही जाऊ आणि आपण जाऊ, दोन्हींना ‘नोई’. इतरांहून आपले वेगळेपण ठासून सांगायचे असेल तर ‘नोईआल्त्री’, म्हणजे शब्दशः ‘आम्ही दुसरे’, असे म्हणतात. परंतु ऐकणाऱ्याला आत घेणारा स्वतंत्र शब्द त्यांच्याकडे नाही.

तो मराठीकडे आहे. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे हा भेद आपल्याकडे रुजला, असे अनेक भाषाभ्यासकांचे मत आहे. शब्द मात्र संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला. गंमत अशी की मध्यप्रदेशच्या बाजारातील बोलक्या हिंदीनेही ‘अपन चलते हैं’ यात हाच अर्थ जपला आहे. तो हरवला आहे तो शाळेच्या पुस्तकातून. या एका ‘आपण’ने मराठीत तीन कामे होतात. ‘आपण बसावे’ यात तो समोरच्याला मान देतो, ‘तो आपण होऊन आला’ यात तो स्वतःकडे वळतो, आणि ‘आपण जाऊ’ यात तो मी व तू यांना एकत्र बांधतो.

‘आम्ही’ वाईट आहे असे मुळीच नव्हे. पाहुण्यांना “आम्ही सावरगावचे” असे सांगताना तोच शब्द हवा. पण ‘आम्ही’ म्हटले की एक रेघ ओढली जाते, आणि ऐकणारा तिच्या पलीकडे राहतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती रेघ सावरगावात डोळ्यांना दिसते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून गोटमार सुरू होते. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमाची कथा त्यामागे सांगतात. दरवर्षी अनेक माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. त्या दिवशी इकडचे म्हणतात ‘आम्ही’ आणि तिकडचेही म्हणतात ‘आम्ही’. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. वर्षाचे बाकीचे दिवस हेच दोन्ही काठ एकाच बाजारात जातात, एकमेकांना मुली देतात, एकमेकांच्या मयतीला उभे राहतात, आणि तेव्हा बोलण्यात सहज ‘आपण’ येतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत भाषेविषयी चिंता होते ती बहुधा मोठ्या शब्दांची. मुलांना म्हणी येत नाहीत, जोडाक्षरे वाचता येत नाहीत, असे आपण म्हणतो. म्हणी पुस्तकातून पुढे कधीही शिकता येतील. ‘आपण’ मात्र फक्त जेवणाच्या पानावर, प्रवासाच्या बेतात, रोजच्या बोलण्यातच शिकता येतो. मुलाने चुकून ‘आम्ही जेवू’ म्हटले तर त्याला हसू नये किंवा रागावू नये. “मी पण आहे ना? मग ‘आपण’ म्हण,” एवढे म्हणावे. आजीने केले ते याहून फार निराळे नव्हते. तिने फक्त थोडे रुसून सांगितले.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलगी पेटी भरीत होती. आजी जवळ बसून घड्या घालून देत होती. इटालियन पुस्तक वरच ठेवले होते. मुलगी म्हणाली, “आजी, पुढच्या पोळ्याला आपण परत जामसावळीला जाऊ.”

आजीने हातातली घडी नीट बसविली आणि म्हणाली, “जाऊ.”

त्या उत्तरात सर्वनाम नव्हते, आणि त्याची गरजही नव्हती.