मोटारसायकल अपघात

मोटारसायकल अपघात : मोटारसायकल, स्कूटर, मोपेड यांसारख्या एंजिनावर किंवा विजेवर चालणाऱ्या दुचाकी वाहनांचे रस्त्यावरील अपघात. मोटारगाडीत बसलेल्या व्यक्तीभोवती पत्र्याचा सांगाडा असतो व आघाताची बरीचशी ऊर्जा तो चेपला जाण्यात खर्च होते. दुचाकीस्वाराभोवती असे काहीच नसते; आघात सरळ त्याच्या शरीरावर येतो. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी ७४,८९७ म्हणजे सु. ४४.५ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. रस्त्यांवर मरण पावलेल्या एकूण व्यक्तींपैकी सु. दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. जगभर ५ ते २९ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हेच आहे.

हे अपघात बेदरकार तरुणांच्या वेगवेडातून होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बहुसंख्य अपघात मध्यम वेगात, परिचित रस्त्यावर आणि रोजच्या कामासाठी बाहेर पडले असता घडतात. त्यांची कारणे वाहनाच्या रचनेत व चालकाच्या अननुभवात शोधावी लागतात.

वाहनाची स्थिरता : दोन चाकांचे वाहन उभे असताना स्वतःचा तोल राखू शकत नाही. वेग आल्यावर पुढच्या चाकाची विशिष्ट मांडणी, चाकांच्या फिरण्यामुळे येणारा घूर्णी परिणाम आणि चालकाचे नकळत होणारे सूक्ष्म नियंत्रण यांमुळे ते स्थिर होते. वळताना वाहन वळणाच्या आतल्या बाजूस कलावे लागते आणि ते कलण्यासाठी हँडल क्षणभर उलट दिशेला ढकलावे लागते. उजवीकडे वळण्यासाठी आरंभी हँडल किंचित डावीकडे जाते. सवयीचा चालक हे नकळत करतो; परंतु अचानक अडथळा समोर आल्यास नवशिका हँडल एकदम हव्या त्या दिशेला फिरवतो व वाहन नेमके उलट बाजूस कलते. ही क्रिया शिकवावी लागते. प्रत्यक्षात आपल्याकडे दुचाकी शिकवते कोण, तर थोरला भाऊ किंवा मित्र, तेही एखाद्या मोकळ्या मैदानावर अर्ध्या तासात.

टायर व रस्ता यांचा संपर्क प्रत्येक चाकाखाली जेमतेम तळहाताएवढ्या जागेत असतो. तेथील घर्षणाचा साठा मर्यादित असून वळणे व थांबणे ही दोन्ही कामे त्यातूनच भागवावी लागतात. म्हणून वळणात जोराने ब्रेक दाबल्यास चाक घसरते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनंतर रस्त्यावरील धूळ व तेल यांचा निसरडा थर तयार होतो, घाटातील वळणांवर खडी विखुरलेली असते आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही. चारचाकी वाहन अशा ठिकाणी हिसका खाऊन पुढे जाते, दुचाकी पडते.

वेग व थांबण्याचे अंतर : ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सु. १७ मी. अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, असे धरल्यास वाहन तेवढे पुढे गेलेले असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले, तरी ते थांबण्यास आणखी सु. २८ मी. लागतात. ताशी ८० किमी. वेगाला हेच आकडे सु. २२ मी. व ४९ मी. होतात. वेग एक-तृतीयांशाने वाढला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर पावणेदोनपटीहून अधिक वाढते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. याच कारणाने ताशी ४० किमी. वेगाने भिंतीवर आदळणे हे सु. ६ मी. उंचीवरून, ६० किमी. वेगाने आदळणे सु. १४ मी. उंचीवरून, तर ८० किमी. वेगाने आदळणे सु. २५ मी. उंचीवरून पडण्यासारखे असते.

ब्रेक दाबताच भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबवण्याच्या शक्तीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पुढच्या ब्रेककडून मिळतो. पुढचा ब्रेक दाबला तर आपण हँडलवरून फेकले जाऊ, या भीतीने पुष्कळ चालक केवळ मागचा ब्रेक वापरतात. मग मागचे चाक जागीच अडकते, वाहन आडवे होते व थांबण्याचे अंतरही वाढते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा क्रमाक्रमाने वाढत्या दाबाने लावणे ही योग्य पद्धती होय. भारतात १ एप्रिल २०१८ पासून नव्या प्रकारांच्या व १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींपैकी १२५ घ. सेंमी. पेक्षा मोठे एंजिन असणाऱ्यांना चाक अडकू न देणारी ब्रेकयोजना आणि लहान वाहनांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी योजना आवश्यक करण्यात आली. ही सुधारणा उपयुक्त असली, तरी घर्षणच नसेल तेथे कोणताही ब्रेक निरुपयोगी ठरतो.

दृश्यमानता : अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस अँजेल्स परिसरातील सु. ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. सु. तीन-चतुर्थांश अपघातांत दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली होती व त्यांपैकी दोन-तृतीयांश वेळा मोटारसायकलस्वाराचा मार्गहक्क दुसऱ्या चालकाने डावलला होता. समोरची मोटारसायकल आपल्याला दिसलीच नाही, असे या चालकांचे सांगणे असे. समोरून दुचाकीची आकृती अरुंद दिसते, त्यामुळे तिचे अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो. शिवाय वळणाऱ्या चालकाचे डोळे मोठी वाहने शोधण्यास सरावलेले असतात. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा एंजिन चालू असेतो दिवसाही पेटलेला ठेवण्याची योजना याच कारणासाठी आहे.

रात्री याच्या उलट परिस्थिती उद्भवते; दुचाकीस्वारालाच पुढचे दिसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात उसाच्या गळीत हंगामात रस्त्यांवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर जात असतात. त्यांच्या मागे बहुधा दिवा नसतो, प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या चिखलाने झाकलेल्या असतात आणि बाहेर आलेल्या उसाच्या मोळ्या स्वाराच्या छातीच्या व डोक्याच्या उंचीवर येतात. समोरच्या वाहनाच्या प्रखर झोताने डोळे दिपले असता अशी ट्रॉली काही मीटरांवर येईपर्यंत कळत नाही. येथे दोष दुचाकीस्वाराचा नसतो, मरण मात्र त्याचे असते.

तरुण चालक : हर्ट यांच्या पाहणीत १६ ते २४ वर्षे वयाच्या चालकांचे प्रमाण रस्त्यावरील त्यांच्या संख्येच्या मानाने अधिक आढळले. ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून व मित्रांकडून शिकलेले होते आणि निम्म्याहून अधिक जणांना अपघातातील वाहनाची सवय पाच महिन्यांहून कमी होती. अनुभवी चालक रस्त्यावर घडणाऱ्यापेक्षा घडू शकणाऱ्या गोष्टींकडे पाहत असतो. उभ्या रिक्षाचे दार, बसच्या पुढून धावत येणारे मूल, गल्लीच्या तोंडाशी दिसणारे म्हशीचे शिंग यांचा अर्थ त्याला आधीच लागतो. हे ज्ञान काही हजार किलोमीटर वाहन चालवल्यानंतरच येते. वाहन हाताळण्याचे कौशल्य मात्र काही दिवसांत येते. या दोहोंमधील काळात चालकाचा आत्मविश्वास सर्वाधिक व समज अपुरी असते. धोक्याचा विचार करून आवेग आवरणाऱ्या मेंदूच्या अग्रखंडाची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते आणि मागे मित्र बसलेला असला म्हणजे धाडसाची हौस वाढते. तिघे बसल्यास गुरुत्वमध्य मागे व वर सरकतो, पुढचे चाक हलके होते व वाहन हँडलला जुमानत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये मोटारसायकल चालवण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. १६ वर्षांनंतर केवळ ५० घ. सेंमी. पर्यंतच्या एंजिनाचे वाहन चालवता येते. पुण्यात १९७२ साली निघालेल्या लुना मोपेडच्या काळात या सवलतीला अर्थ होता. आज सर्रास विकल्या जाणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटरी १०० घ. सेंमी. हून मोठ्या असतात. शिकवणीच्या वर्गांबाहेर त्यांच्या रांगा दिसतात व त्या चालवणारी दहावी-अकरावीची मुले कायद्याने त्या चालवण्यास पात्र नसतात. वाहन मुलांच्या हाती पालकच देतात. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रसंगी मुलाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना न मिळणे, अशी तरतूद केली आहे.

इजा : सर्वाधिक इजा पायांना होतात. नडगीचे हाड त्वचेलगत असल्याने ते मोडून बाहेर येते, जखमेत रस्त्यावरील माती जाते व हाड सांधण्यास महिने लागतात. खांदा व डोके यांना एकाच वेळी विरुद्ध दिशांना ताण बसल्यास मानेतून हाताकडे जाणारे तंत्रिकांचे जाळे तुटते आणि हात कायमचा लुळा पडतो. या इजेचे रुग्ण मुख्यत्वे तरुण मोटारसायकलस्वारच असतात. मागे एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पदर किंवा ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसण्याचा धोका असतो. मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण, हातपकड व पाय ठेवण्याची जागा ही साधने नियमाने आवश्यक आहेत.

मृत्यू मात्र बहुधा डोक्याच्या इजेने येतो. कवटी एकदम थांबते, आतील मेंदू थांबत नाही. तो पुढच्या व नंतर विरुद्ध बाजूच्या हाडावर आदळतो आणि पिळवटल्याने त्यातील तंतू तुटतात. कधी कवटी व मेंदूवरील जाड आवरण यांच्यामधील रोहिणी फाटून तेथे रक्त साठू लागते. हा प्रकार तरुणांत विशेष आढळतो व तो फसवा असतो. अपघातानंतर क्षणभर शुद्ध हरपते, मग रुग्ण उठून बसतो, बोलतो, काही झाले नाही असे सांगून घरीही जातो. काही तासांत डोके दुखू लागते, उलट्या होतात, गुंगी येते व एका डोळ्याची बाहुली मोठी होते. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. झोप लागली आहे असे समजून त्याला निजू दिल्यास सकाळी तो उठत नाही. म्हणून क्षणभरही शुद्ध हरपलेल्या व्यक्तीस रुग्णालयात नेऊन देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

शिरस्त्राण : ब्रिटिश लेखक व सेनाधिकारी टी. ई. लॉरेन्स यांना १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात मोटारसायकलचा अपघात झाला. सायकलवरील दोन मुलांना चुकवताना ते फेकले गेले व सहा दिवस बेशुद्ध राहून मरण पावले. त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यतज्ज्ञ होते. पुढे १९४१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावल्याचे नमूद करून त्यांनी शिरस्त्राणाचा पुरस्कार केला. त्यांच्या पाहण्यात शिरस्त्राण घातलेले सातच जखमी आले होते आणि ते सातही वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कामावरील लष्करी मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नागरिकांना ते लागू होण्यास ब्रिटनमध्ये १९७३ साल उजाडले. त्यापूर्वी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये जगातील पहिला असा कायदा अंमलात आणला होता. अमेरिकेत १९७५ पर्यंत ४७ राज्यांत असे कायदे होते. १९७६ नंतर अनेक राज्यांनी ते मागे घेतले व तेथील मृत्यू वाढले.

शिरस्त्राण म्हणजे हेल्मेटचे काम आतील थर्माकोलसारख्या अस्तराकडून होते. बाहेरचे कठीण कवच आघात पसरवते व अस्तर चिरडले जाऊन डोके थांबण्यास काही सेंटिमीटर अधिक मिळतात. मेंदूवरील बल त्यामुळे पुष्कळ घटते. एकदा चिरडलेले अस्तर पूर्ववत होत नाही. म्हणून जोरदार आघातानंतर कवच धड दिसले, तरी हेल्मेट टाकून द्यावे. हनुवटीखालील पट्टा न बांधलेले हेल्मेट डोके आपटण्यापूर्वीच निघून जाते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सु. ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या इजेचा सु. ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेचे चिन्ह नसलेली हेल्मेटे विकण्यास बंदी आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दंड चुकवण्यापुरत्या पातळ टोप्या विकल्या जातात.

पुण्यात हेल्मेटसक्तीला संघटित विरोध होत आला असून जानेवारी २०१९ च्या कारवाईच्या वेळीही तो झाला. ऐकू येत नाही, बाजूचे दिसत नाही, मान दुखावते व शहरातील कमी वेगात त्याची गरज नसते, असे आक्षेप घेतले जातात. हर्ट यांच्या पाहणीत पहिल्या तिन्ही आक्षेपांना आधार मिळाला नाही. चौथ्याविषयी असे की, त्यांनी पाहिलेल्या अपघातांत आदळतानाचा मध्यमान वेग ताशी सु. ३५ किमी. एवढाच होता. किंबहुना उभ्या माणसाचे डोके नुसते रस्त्यावर आपटले, तरी ते ताशी सु. २० किमी. वेगाने आपटते. उकाडा व घाम यांची तक्रार मात्र खरी आहे आणि आपल्या हवामानाला मानवेल असे हलके व हवेशीर हेल्मेट स्वस्तात मिळणे आवश्यक आहे. २०२२ मध्ये भारतात हेल्मेट न घालता मरण पावलेल्या ५०,०२९ व्यक्तींपैकी १४,३३७ मागे बसलेल्या होत्या. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहे. पगडीधारी शीख व्यक्तींना सूट आहे.

प्रथमोपचार : जखमीला हातपाय धरून उचलू नये, मानेचा कणा मोडला असल्यास मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे पांगळेपण येते. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी त्याला फळीवर घ्यावे. श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट काढण्याची घाई न करता केवळ पुढची काच उघडावी. काढणे भागच पडले, तर एकाने मान खालून स्थिर धरावी व दुसऱ्याने ते हळूहळू ओढावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने दाब द्यावा. पाणी पाजण्याची प्रथा घातक आहे, कारण अर्धवट शुद्धीत ते श्वासनलिकेत जाते. पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने लोक मदतीस कचरतात. तथापि सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे व २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ अ यांनुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, तसेच त्याच्यावर कोणताही दावा चालवता येत नाही.