सिग्नल पोहोचला, पण करंट परतला कुठून?

म्हैसूरच्या बोगादीहून दक्षिणेला गेलं की नंजनगूड. तिथे ऑस्ट्रियाच्या एटी अँड एस कंपनीचा पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्डांचा कारखाना आहे. अशा बहुपदरी बोर्डांत तांब्याचा अखंड ग्राउंड थर कशासाठी असतो?

करंटच्या परतीसाठी!

काही किलोहर्ट्झपर्यंत परतीचा करंट कमीत कमी रोधाच्या वाटेने, ऐसपैस पसरून जातो. मेगाहर्ट्झच्या पुढे मात्र तो कमीत कमी इंडक्टन्स शोधतो आणि ट्रेसच्या, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या तांब्याच्या रेषेच्या, अगदी खालून, त्याची वळणं गिरवत परततो. ग्राउंडमध्ये फट आली की त्याला वळसा पडतो. लूप मोठा होतो, शेजारच्या ट्रेसमध्ये क्रॉसटॉक वाढतो, बोर्ड रेडिओलहरी फेकू लागतो.

म्हणून वेगवान ट्रेस फटीवरून नेत नाहीत. सिग्नल थर बदलताना त्याचा ग्राउंड थरही बदलत असेल, तर शेजारीच दोन्ही ग्राउंड जोडणारा व्हाया देतात.