पडदा सांधला, पण आत हवा आली का?

कानाच्या पडद्याला पडलेले भोक शस्त्रक्रियेने बुजवले की कान बरा झाला, अशी समजूत रुग्णांत आणि त्यांच्या घरच्यांत सरसकट आढळते. ती अर्धीच खरी आहे. पडद्याआड मध्यकर्ण नावाची इवलीशी पोकळी असते आणि आवाज पुढे पोचवणारी तीन नाजूक हाडे तिच्यात असतात. पडदा मोकळेपणी हलायचा तर त्याच्या दोन्ही अंगांना हवेचा दाब सारखा हवा. आत हवा नसेल, तर उत्तम सांधलेला पडदाही हळूहळू आत ओढला जातो. म्हणून शस्त्रक्रियेचे यश भोक बुजण्यावर जितके असते, तितकेच मध्यकर्णात हवा परतण्यावर आणि टिकण्यावर असते.

ही हवा बाहेरच्या कानातून येते, हा पहिला गैरसमज. पडदा अखंड असताना बाहेरची हवा त्याच्यापलीकडे जाऊच शकत नाही. ती येते नाकाच्या मागच्या भागातून, सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीच्या कंठकर्णनलिकेतून. ही नलिका एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. घाट चढताना कानात बसलेले दडे गिळल्यावर सुटतात ते याच कारणाने. मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा सतत थोडी थोडी शोषून घेत असते, त्यामुळे हा पुरवठा अखंड चालू राहावा लागतो. मग कोणी विचारेल, भोकातून हवा आयती मिळत होती, तर ते बुजवायचे कशाला? कारण त्याच वाटेने पाणी आणि जंतूही आत जातात, कान पुन्हा पुन्हा वाहतो आणि ऐकू कमी येते. पण भोक बुजले की हवेचा सगळा भार एकट्या नलिकेवर येतो, हे मात्र खरे. म्हणूनच शल्यविशारद आधी नाक, घसा आणि दुसरा कान तपासतात. दुसऱ्या कानाचा पडदाही आत ओढलेला असेल, तर नलिकांचेच काम बिघडले असण्याची शंका बळावते.

दुसरा गैरसमज असा की, शस्त्रक्रियेनंतर कान बंद वाटला म्हणजे ती फसली. नव्या पडद्याला आतून आधार मिळावा म्हणून मध्यकर्णात पुष्कळदा विरघळणारा जिलेटिनचा स्पंज ठेवतात, बाहेरच्या नळीतही पॅकिंग असते. शिवाय अस्तराला सूज असते, थोडे रक्त साकळलेले असते. स्पंज विरायला आणि सूज उतरायला काही आठवडे लागतात. तेवढी जागा हवा मग हळूहळू घेते. त्यामुळे श्रवणाची खरी चाचणी साधारणपणे दोन-तीन महिन्यांनीच अर्थपूर्ण ठरते. मात्र गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव यांना ‘होईल बरे’ म्हणून थांबू नये. लगेच डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत घातक गैरसमज तिसरा: नाक दाबून जोरात फुंकर मारली की कान मोकळा होतो. पहिल्या आठवड्यांत असा जोर लावल्यास भोकावर बसवलेले, अजून न जुळलेले ठिगळ जागचे हलू शकते आणि नाकातला संसर्गही कानात ढकलला जाऊ शकतो. म्हणून नाक जोराने शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवावे, विमानप्रवास डॉक्टरांना विचारूनच करावा. यावर आक्षेप येतो की, पुढे डॉक्टरच तर नाक धरून हवा भरायला सांगतात! सांगतात, इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्साल्वा यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती तीनशे वर्षांपूर्वीची आहे. पण ती ठिगळ जुळल्याची खात्री झाल्यावर, हलक्या दाबाने करायची असते. फरक वेळेचा आणि जोराचा आहे. शिवाय फुंकर नलिका घटकाभर उघडते. ती ज्या सर्दीने वा ॲलर्जीने सुजली, त्या सुजेवर उपचार वेगळेच करावे लागतात. धूम्रपान सोडणे हाही त्यातलाच भाग.

नलिका दुबळी असेल तर शस्त्रक्रियाच व्यर्थ, हा निष्कर्षही घाईचा आहे. अशा कानात पातळ आवरणाच्या ठिगळाऐवजी कूर्चेचे ठिगळ वापरता येते; ते ताठ असल्याने आत ओढले जाण्याला अधिक काळ दाद देत नाही. पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवून हवेला दुसरी वाट करून देता येते. अस्तर फारच खराब असेल तर सिलिकॉनचा पातळ पत्रा ठेवून, काही महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात हाडांची दुरुस्ती करतात. या उपायांनी नलिका बरी होतेच असे नाही, पण कानाला वेळ मिळतो. दुर्लक्ष झाले तर मात्र आत ओढलेल्या पडद्याच्या खळग्यात त्वचेचा मळ साठून हाड कुरतडणारा कोलेस्टिॲटोमा होऊ शकतो, आणि तो सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून कान कोरडा झाला तरी पुढच्या तपासण्या चुकवू नयेत. तेव्हा ‘भोक बुजले का?’ एवढे विचारून थांबू नये; ‘पडदा हलतो का, आत हवा आहे का?’ हेही विचारावे.