टर्बोचार्ज्ड वाहनांच्या एक्झॉस्ट प्रणालीतील बदल : तंत्र, कायदा आणि बीड जिल्ह्याचा संदर्भ

प्रस्तावना

बीड शहराला रेल्वे २०२५ मध्ये मिळाली. तोपर्यंत शहराचा सर्व भार रस्त्यावरच होता आणि जिल्ह्यातील बहुतेक गावांचा तो आजही आहे. मांजरसुंब्याच्या घाटातून भार घेऊन चढणाऱ्या जीप, पिकअप व ट्रक प्रामुख्याने टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनाचे असतात. २००२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओसारख्या वाहनांनी ‘टर्बो’ हा शब्द ग्रामीण भागातही रुळवला. त्यासोबत गॅरेजमध्ये एक समजूतही रुजली की सायलेन्सर ‘मोकळा’ केला म्हणजे गाडी अधिक ओढते. या समजुतीत तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टर्बोचे कार्य

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने टर्बाइनचे चाक फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील कॉम्प्रेसरने सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरावयाची, असे हे साधे तत्त्व आहे. लहान इंजिनातील टर्बाइन मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते. तिला मिळणारे बल केवळ आधीच्या दाबावर अवलंबून नसते. आधीचा व नंतरचा दाब यांच्या गुणोत्तरावर ते ठरते. उदाहरणादाखल, टर्बाइनपूर्वी २०० व नंतर ११० किलोपास्कल दाब असल्यास गुणोत्तर १.८२ येते. नंतरचा दाब १०५ वर आणल्यास ते १.९० होते. म्हणून टर्बाइननंतरची नळी, म्हणजे डाऊनपाइप, रुंद असणे तत्त्वतः लाभदायक आहे. नळीचा व्यास ५० वरून ६० मिलिमीटर केल्यास छेदाचे क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते.

टर्बाइनपूर्वीच्या मॅनिफोल्डला मात्र हा नियम लागू पडत नाही. तेथे वायूची उष्णता व वेग टिकणे महत्त्वाचे असते. ती नळी अकारण मोठी केली तर वायू प्रसरण पावून थंडावतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. ‘मोठे ते चांगले’ हे सूत्र गॅरेजमध्ये सरसकट वापरले जाते, ते येथे अडखळते.

प्रत्यक्ष लाभ

आधुनिक डिझेल इंजिनात टर्बोचा दाब किती असावा हे संगणकीय नियंत्रक ठरवितो. संवेदकाने दाब वाढल्याचे कळविताच तो टर्बाइनची पाती वळवून किंवा वेस्टगेट उघडून दाब पूर्ववत करतो. शिवाय डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरते. इंधन तेवढेच ठेवून निव्वळ नळी बदलली तर वायू बाहेर ढकलण्याचे श्रम थोडे कमी होतात, इतकेच. आवाज वाढल्यामुळे चालकाला शक्ती वाढल्याचा भास होतो, हे वेगळे. वेस्टगेटचा मार्ग अपुरा असलेल्या पेट्रोल इंजिनात तर दाब नियंत्रणाबाहेर वाढून टर्बो निकामी होण्याचा संभव असतो. आधार न देता जड नळी जोडल्यास तिचे वजन व कंपन टर्बाइनच्या आवरणावर येऊन त्यास तडे जाऊ शकतात. मूळ रचनेतील लवचिक जोड काढून टाकणे हे त्याचे एक कारण असते.

उत्सर्जन व कायदा

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल वाहनांत काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. अडकलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून गाळणी स्वच्छ केली जाते. ती आतून पोकळ करण्याचा ‘उपाय’ सर्वांत घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर मानवास कर्करोगकारक ठरविला. पीयूसी केंद्रावरील चाचणी धुराची अपारदर्शकता मोजते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजत नाही. त्यामुळे हाती प्रमाणपत्र असणे म्हणजे प्रणाली शाबूत असणे नव्हे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, तर ध्वनी व वायू मानकांच्या भंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ध्वनी प्रदूषण नियम, २००० अन्वये रुग्णालये व शैक्षणिक संस्थांभोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो व तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. अंबाजोगाईसारख्या शिक्षण व वैद्यकीय सेवेच्या गावात हा नियम कागदापुरता राहणे परवडणारे नाही.

पर्यायी मार्ग

गाडी घाटात ‘ओढत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा सायलेन्सरमध्ये नसते. मराठवाड्याच्या धुळीत चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या रबरी नळीची चीर आणि काजळीने अडकलेली टर्बोची पाती या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. गंजलेला सायलेन्सर बदलावयाचा झाल्यास मूळ मापाचा व मान्यताप्राप्त घ्यावा. केवळ गावातल्या गावात फिरणाऱ्या नव्या डिझेल गाडीची गाळणी पुरेशी तापत नाही. दिव्याची सूचना येताच ती महामार्गावर स्थिर वेगाने काही काळ चालविल्यास काजळी जळून जाते, आणि गॅरेजवाल्याला छिन्नी हाती घ्यावी लागत नाही.