सिग्नलवरचा कॅमेरा बालाघाटच्या कितपत कामाचा?

लाल दिवा लागल्यावर थांबारेषा ओलांडणारे वाहन कॅमेरा टिपतो आणि काही दिवसांनी दंडाची सूचना मालकाच्या मोबाइलवर येऊन पडते. पणजीजवळच्या मेरशी जंक्शनवर 2023 पासून ही व्यवस्था असल्याने असा घरपोच ‘तालांव’ गोमंतकीयांना नवा नाही. मध्य प्रदेशात इंदूर आणि भोपाळ या मोठ्या शहरांनी तो स्वीकारला आहे. मात्र 2011 च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या लाखाच्याही आत होती, त्या बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हा कॅमेरा जीव वाचवील काय, हा प्रश्न वेगळा आहे.

वैनगंगेकाठचे हे शहर महाराष्ट्रातील गोंदियापासून चाळीसेक किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्ग 543 वर वसले आहे. शहरालगत भरवेलीची मँगनीजची खाण, तर जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण. अवजड वाहने, दुचाक्या, सायकली आणि पादचारी यांना एकाच रस्त्यावर वाट काढावी लागते. एमपी-50 क्रमांकाच्या गाड्यांबरोबर एमएच-35 च्या, म्हणजे गोंदियाच्या गाड्याही येथे येतात. ई-चलन प्रणाली देशभरच्या ‘वाहन’ नोंदणीशी जोडलेली असल्याने राज्याची सीमा ओलांडली म्हणून दंड चुकत नाही, ही या यंत्रणेची सीमाभागातली मोठी सोय.

कॅमेऱ्याचे काम तसे सोपे आहे. तो सिग्नलच्या दिव्याशी जोडलेला असतो. दिवा लाल असताना गाडी रेषेमागे असल्याचे एक आणि चौकात शिरल्याचे दुसरे, अशी चित्रे वेळेसह नोंदली जातात. संगणक क्रमांकपाटी वाचतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेले कलम 136अ आणि ऑगस्ट 2021 मध्ये अधिसूचित झालेला नियम 167अ हा त्याचा कायदेशीर आधार होय. उपकरणाला प्रमाणपत्र हवे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरा असल्याचा फलक ठळकपणे लावला पाहिजे. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पोहोचली पाहिजे. दहा लाखांवरील लोकसंख्येची शहरे आणि नियमासोबतच्या यादीतील 132 शहरे यांतील महत्त्वाच्या चौकांत ही साधने किमान असावीत, असे नियम सांगतो. बालाघाट त्या यादीत नाही. पण राष्ट्रीय व राज्य महामार्गांच्या धोकादायक पट्ट्यांचाही नियमात समावेश असल्याने दार बंद झालेले नाही.

कॅमेऱ्याने अपघात कमी होतात का? अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने सात शहरांचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध केला. बाजूने धडकण्याचे अपघात सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटले. मागून आदळण्याचे मात्र सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले, कारण दंडाच्या धाकाने पुढचा चालक एकाएकी ब्रेक दाबतो. बाजूची धडक सहसा अधिक जीवघेणी असते, म्हणून एकंदर हिशेब फायद्याचा ठरला. परंतु मागे लोखंडाच्या वजनाचा ट्रक आणि पुढे दुचाकी असेल, तर हा हिशेब डोळे झाकून लावता येत नाही.

येथे पिवळ्या दिव्याचे महत्त्व कळते. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाला भान यायला एक सेकंद लागतो, एवढ्यात गाडी चौदा मीटर पुढे गेलेली असते. सुरक्षित थांबण्यासाठी पिवळा दिवा सव्वातीन सेकंदांच्या आसपास हवा. शिकागोत 2014 मध्ये उघड झाले, की तीन सेकंदांहून किंचित कमी पिवळ्या दिव्यावर सुमारे 77 हजार दंड आकारले गेले होते. दशांश सेकंदाचाच फरक, पण लोकांना ती सुरक्षा न वाटता वसुली वाटली. आपल्याकडे लाल दिवा तोडल्यास कलम 184 खाली किमान एक हजार रुपये दंड होऊ शकतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला तो लहान नाही. त्यामुळे पुसट थांबारेषा आणि अधूनमधून बंद पडणारा सिग्नल असलेल्या चौकात कॅमेरा बसवणे हा सरळ अन्याय ठरेल.

आणखी एक आकडा विसरता येत नाही. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी लाल दिवा तोडल्याने मेलेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, तर अतिवेगामुळे मेलेल्यांचे सुमारे 71 टक्के. मृतांत दुचाकीस्वार 44 टक्क्यांहून अधिक होते. बालाघाटला एकच कॅमेरा घ्यायचा असेल, तर तो चौकातल्या खांबापेक्षा महामार्ग शहरात शिरतो तेथे, वेग मोजण्यासाठी व हेल्मेट पाहण्यासाठी अधिक उपयोगी पडेल. कोणत्या चौकात बाजूच्या धडका खरोखरच वारंवार होतात, हे आधी तपासता येते: पोलीस अपघाताची नोंद आता स्थळासह ‘आय-रॅड’ या ॲपवर करतात. तो नकाशा समोर ठेवूनच निविदेचा कागद लिहिला जावा.